रिव्हॉल्व्हरला दसरा मानवला नाही

“‘सदर हत्यार पाणी, तेल अथवा अन्य कोणत्याही द्रवपदार्थाच्या संपर्कात आले होते काय?’”

श्रद्धाने लॅपटॉपवरचा हा प्रश्न मोठ्याने वाचला आणि हिराबाईंच्या हातातला कणकेचा गोळा परातीत पडला.

“न्हाई म्हनून लिव,” सोफ्यावरून कोंडीआबा गरजले. “लिव, पान्याचा थेंब लागला न्हाई. वस्तू देवघरात हुती, देवापाशी. तिथं कुठला आलाय द्रवपदार्थ?”

“आबा, देवघर नको लिहायला. ते फॅक्टरीवाले आहेत.”

“मंग? फॅक्टरीवाल्यांस्नी देव नसतो व्हय? आनि ठळक अक्षरात लिव, माल मुळातच खराब हाय. मी इतकी वर्सं ऊस घातला कारखान्याला, पन एक मोळी कधी माघारी आली न्हाई. आनि ह्ये लोक नव्या मालाला दोन महिन्यांत गंज चढवून देत्यात!”

हिराबाईंनी गोळा उचलला आणि पुन्हा मळायला घेतला. ती कणीक आता तिसऱ्यांदा मळून होत होती.

“आई, बरं वाटत नाहीये का? घाम किती आलाय.”

“उकडतंय जरा,” हिराबाई म्हणाल्या. ऑक्टोबर होता, म्हणून ते खपून गेलं.

रिव्हॉल्व्हर घरात आल्यापासून हिराबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पुण्याजवळ मांजरी गावात त्यांचा उसाचा फड होता तिथेच आता बारा मजली इमारत उभी होती आणि तिच्या सहाव्या मजल्यावर हे तिघं राहत होते. मुलगा संतोष, म्हणजे श्रद्धाचा नवरा, कामासाठी दुबईला. उरलेल्या दोन एकरांत अजून ऊस होता. त्यासाठी ठेवलेला ट्रॅक्टर खाली पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे, सोसायटीच्या सेक्रेटरीची नजर चुकवत उभा असायचा. अशा घरात चोर यायचा म्हटला तरी वॉचमनच्या वहीत नाव लिहून यावं लागलं असतं. पण शेजारच्या इमारतीतल्या संपतरावांना शस्त्रपरवाना मिळाला आणि आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दोन वर्षं अर्ज, चौकशा, दाखले असे हेलपाटे झाले आणि श्रावणात ‘वस्तू’ घरी आली. आबा तिला रिव्हॉल्व्हर म्हणत नसत. वस्तू. हिराबाई मनातल्या मनात तिला ‘ती बया’ म्हणत.

ती बया कपाटात असली की हिराबाई कपाटाकडे पाठ करत नसत. साड्यांची घडी काढायची तरी आधी दार हळूच वाजवत.

मग आली खंडेनवमी. आबा सकाळीच ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालायला खाली गेले. हिराबाईंनी पाटावर कोयता, खुरपं, विळी, श्रद्धाचा लॅपटॉप मांडला आणि मधोमध लाल फडक्यावर ती बया ठेवली. ठेवताना त्यांना माहेरचा दसरा आठवला. त्यांच्या आजोबांकडे एक तलवार होती. वर्षभर ती माळ्यावर असायची आणि या दिवशी आजोबा स्वतः खाली काढायचे. मग आजी तिला पंचामृताने न्हाऊ घालायची, ऊन पाण्याने धुऊन मऊ धोतराने पुसायची. धारेला हात लावायला पोरींना बंदी. पण पंचामृताची वाटी धरायचा मान दरवर्षी हिराचा. त्या तलवारीने त्या घरात कधी कांदासुद्धा कापला नव्हता, आणि आजी म्हणायची ते पंचामृताचंच पुण्य.

हिराबाईंनी वाटी आणली. दूध, दही, साजूक तूप, मध, साखर, वर तुळशीचं पान. डोळे मिटले आणि वाटी सावकाश, मायेने बयेवर उपडी केली.

“बाई गं,” त्या पुटपुटल्या, “आलीस तशी गप ऱ्हा. कुनावर सुटू नगंस. येवढंच मागते.”

मग बाहेरून नीट पुसलं, हळदकुंकू लावलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं. तलवारीला पोट नसतं. हिला होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

देवाने मागणं शब्दशः ऐकलं. दसऱ्याच्या संध्याकाळी संपतराव आपट्याची पानं घेऊन आले. आबांनी सोनं दिलं, सोनं घेतलं आणि लगेच वस्तू आणली. ती मधून उघडून, गोळ्यांचं चक्कर गरकन फिरवून दाखवायची त्यांनी आरशासमोर तालीम केलेली होती. पण चक्कर फिरेना. वस्तू उघडेना. चाप हलेना. आबांनी दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघ्यावर दाबून पाहिलं, तोंड लाल झालं.

“खराब निघाली व्हय?” संपतरावांनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

“नवी हाय. कडक असती.”

“माजी पयल्या दिवसापास्नं लोन्यावानी चालती बग. बरं, भरल्याली हाय का मोकळी?”

हा प्रश्न साधा होता. पण संपतरावांनी तो विचारताना ओठाचा एक कोपरा वर केला.

“मोकळी बाळगाया मी काय पोरगं हाय? सहाच्या सहा भरल्याती!”

संपतरावांनी दुसरा पेढा ताटलीत परत ठेवला, नळीच्या समोरून हळूच बाजूला सरकले आणि काम आठवून निघून गेले.

तेव्हापासून हिराबाईंची झोप गेली. बया का बिघडली, ते या घरात फक्त त्यांना माहीत होतं. सांगावं म्हटलं तर आबा रोज सकाळी उठून कंपनीचा उद्धार करत होते. इतका उद्धार झाल्यावर सांगायचं कसं? आणि आता तर लेखी प्रश्न आला होता.

त्यावर आचारसंहिता लागली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि आठवड्याभरात पोलीस ठाण्याची नोटीस आली: परवानाधारकांनी आपापली शस्त्रं जमा करावीत, मुदत अमुक तारखेपर्यंत, न केल्यास परवाना निलंबित करण्यात येईल. आबांनी कंपनीचा माणूस येईल म्हणून वाट पाहिली. कंपनीकडून प्रश्नांची दुसरी यादी आली. शेवटी मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आबा, हिराबाई आणि गाडी चालवायला श्रद्धा असे तिघं ठाण्यात हजर झाले. हिराबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना घरी बसवेना.

ठाण्यात संपतराव आधीच पावती घेऊन उभे होते.

हवालदार उत्तरेश्वर यांनी रजिस्टर उघडलं. “द्या बाबा. मोकळी करून द्या.”

“उघडत न्हाई.”

“म्हंजे?”

“म्हंजी अडकलीया,” संपतरावांनी मदत केली. “आनि भरल्याली हाय. सहाच्या सहा. आबांनीच सांगितलं मला.”

उत्तरेश्वरांनी पुढे केलेला हात असा मागे घेतला, की रजिस्टर खाली पडलं. मागच्या बाकावर बसलेला एक पाकीटमार आपण होऊन आतल्या खोलीत गेला.

“बाबा, खरंय का?”

आबांनी संपतरावांकडे पाहिलं. संपतरावांच्या ओठाचा कोपरा वर गेला होता.

“खरं म्हंजी… हाय की.”

“मग ही इथं आणलीच कशी तुम्ही? ठाण्यात शंभर माणूस येतं-जातं! हे बघा, भरलेलं हत्यार मला जमा करून घेता येत नाही. जिथून घेतलं त्या दुकानदाराकडून मोकळं करून आणा, तसं त्याचं पत्र आणा. सहापर्यंत. काडतुसांचा डबापण आणा, त्याची नोंद असती. सहा वाजून गेले, की परवाना निलंबनाचा कागद वर जाईल. मग मला सांगू नका.”

“दुकान नारायण पेठेत हाय! दिवाळीची गर्दी—”

“म्हणून तर आत्ता निघा.” उत्तरेश्वरांनी कोपऱ्यातली आग विझवायची वाळूची बादली लांबूनच पायाने पुढे ढकलली. “ह्यात ठेवा. नळी खाली, वाळूत. आणि आजी, धक्का लागू देऊ नका.”

धक्का लागू देऊ नका हे त्यांनी हिराबाईंना का सांगितलं कुणास ठाऊक. पण बादली हिराबाईंच्या मांडीवर आली ती आलीच.

सोलापूर रस्त्यावर जेवढे खड्डे होते ते सगळे त्या दिवशी हिराबाईंनी पोटाने मोजले. प्रत्येक खड्ड्याला त्या बादली वर उचलून धरत आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा डोळे भरून पाहत. आबा शांत होते. खिडकीबाहेर पाहत बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस इतका धीराचा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

“आई, मी हळूच चालवतेय. यू जस्ट रिलॅक्स.”

“तू पुढं बग, बाई. माज्याशी बोलू नगं.”

पूलगेटच्या पुढे निवडणुकीच्या तपासणी पथकाने गाडी अडवली. एका साहेबांनी डिकी पाहिली, सीटखाली पाहिलं आणि बादलीशी थांबले. “हे काय?”

“वाळू,” हिराबाई म्हणाल्या.

“वाळूखाली काय? कॅश?”

“रिव्हॉल्व्हर हाय,” आबा म्हणाले. “भरलेली.”

पंधरा मिनिटं गेली. उत्तरेश्वरांना फोन झाला, परवाना उलटसुलट पाहून झाला, आणि शेवटी साहेबांनी “जा, जा, लवकर जा” म्हणून मागची सगळी रांग थांबवून त्यांना पुढे काढलं. श्रद्धाला आयुष्यात पहिल्यांदाच पुण्यात मोकळा रस्ता मिळाला, तो मंडईपर्यंत टिकला.

नारायण पेठेत गाडी लावायला जागा नव्हती. ती दोन गल्ल्या सोडून लागली आणि बादली हातात घेऊन हिराबाई चालत निघाल्या. पुढे आबा, मागे श्रद्धा. एका इमारतीच्या दारात एक बाई मुलांसाठी दिवाळीचा किल्ला मांडत होत्या. दगड रचून झाले होते, सैनिक उन्हात वाळत होते.

“अय्या, वाळू? कुठे मिळाली हो? आम्ही चार दिवस शोधतोय. मूठभर द्या ना, बुरुजापुरती!” आणि त्यांनी हात घातलासुद्धा.

“हात काढा!” हिराबाई ओरडल्या.

“इश्श! मूठभर मागितली, बादली नाही मागितली. मोठी वाळूवाली लागून गेली!”

दुकानावर पाटी होती: ‘चौकशीपूर्वी परवाना दाखवावा. परवान्यापूर्वी स्वतःचा स्वभाव पाहावा.’ आत अनंतराव आगटे बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, कपाळावर चढवलेला चष्मा.

“बादली खाली ठेवा. आपटू नका. भरलंय?”

आबांनी दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. “हाय.”

“सगळं?”

“सहाच्या सहा.”

“छान. दिवाळीला अजून आठवडा आहे म्हटलं.” अनंतराव उठले. “मुली, तू बाहेर थांब. तुझं वय लहान आहे.”

“आनि आम्ही?” हिराबाईंनी विचारलं.

“तुम्ही आणलंत.” त्यांनी दार लोटून घेतलं आणि टेबलावर हिरवं कापड पसरलं. “काडतुसांचा डबा द्या.”

आबांचा हात आतल्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. “त्याचं काय काम हाय?”

“पंचवीस दिली होती, माझ्या वहीत लिहिलंय. सहा आत असतील तर एकोणीस उरतात. शाळेत शिकवलं होतं. हत्याराला हात लावण्यापूर्वी मी आधी डबा मोजतो. म्हणून माझे दोन्ही हात अजून जागेवर आहेत. द्या.”

डबा आला. अनंतराव एकेक काडतूस कापडावर उभं करू लागले. हिराबाईंना पापड मोजायची सवय. त्याही मनात मोजू लागल्या. सतरा. अठरा. एकोणीस. अनंतरावांचा हात पुन्हा डब्यात गेला. वीस. एकवीस. आबांनी छतावरच्या पंख्याकडे पाहायला सुरुवात केली.

“पंचवीस,” अनंतराव म्हणाले.

त्यांनी रिकामा डबा टेबलावर उपडा करून दाखवला.

“कंपनीनं जादा भरली असतील,” आबा पंख्याला म्हणाले.

“हो. दिवाळी भेट.”

हिराबाई स्टुलावरून उठल्या. “म्हंजी मोकळी हाय ती?”

“अगं, ऐक तर—”

“मोकळी? अवो, मी बादली मांडीवर घिऊन आले! हर खड्ड्याला तुमास्नी शेवटचं बगून घेत हुते मी! आनि तुमी गुडघ्यावर तबला वाजवताय! पोलिसापुढं खोटं, साहेबापुढं खोटं, कशापायी? त्या संपतचं त्वांड वाकडं झालं म्हनून?”

आबांनी नजर पंख्यावरून हलवली नाही. हिराबाईंना दसऱ्यापासूनची सगळी झोप त्या क्षणी आठवली आणि त्या आणखी पुष्कळ बोलल्या असत्या. पण तेवढ्यात अनंतरावांनी वस्तू वाळूतून काढून नाकाशी नेली.

त्यांनी एकदा हुंगलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. पुन्हा हुंगलं. एक बारीक सळई फटीत घालून फिरवली आणि तिचं टोक दिव्यापाशी धरलं.

“दही,” ते म्हणाले.

हिराबाई खाली बसल्या.

“मध. साखर, अगदी पाक झालाय. तूप मात्र चांगलं आहे हो, घरचं दिसतंय. पन्नास वर्षं हा धंदा करतोय. माती पाहिली, गंज पाहिला, एकाने आत तपकीर ठेवली होती. पण हे…” त्यांनी काहीतरी ओढून काढलं आणि हिरव्या कापडावर पंचविसाव्या काडतुसाशेजारी ठेवलं. ते काळं पडलेलं तुळशीचं पान होतं.

आबा पंख्यावरून खाली आले. पानाकडे पाहिलं. मग बायकोकडे.

“हिरा?”

हिराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “आज्याच्या तलवारीला घालायचे,” त्या पुटपुटल्या. “तिला कदी काय झालं न्हाई.”

“आगं, पंदरा दिस मी त्या कंपनीच्या आयमाय उद्धरतोय! लेखी दिलंय मी, पान्याचा थेंब लागला न्हाई म्हनून!”

“पानी कुटं घातलं मी? पानी न्हवतंच त्यात.”

अनंतरावांनी अर्धा तास कोमट पाणी, रॉकेल, ब्रश आणि चिंधी घेऊन काम केलं. चक्कर फिरलं, चाप हलला. मग त्यांनी दुकानाच्या कागदावर पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि आबांच्या हातात देण्यापूर्वी स्वतःच वाचून दाखवलं: “‘हत्यार तपासले. रिकामे आहे. हत्यारात दोष नाही. आढळलेले दोष दोन. दोन्ही मालकाच्या घरचे असून त्यांची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही.’”

“ही शेवटची ओळ…” आबा चाचरले.

“ती फुकट आहे.”

गाडीत श्रद्धाने विचारलं, “काय निघालं, आबा?”

“बारीकसा दोष,” दोघं एकदमच म्हणाले.

“मग कंपनीला काय लिहू?”

“तक्रार मागं घेतो म्हनून लिव. कारन घरगुती.”

मंडईच्या गर्दीत गाडी अडकली. रिकामी वस्तू आता आबांच्या मांडीवर होती आणि बादली हिराबाईंच्या पायाशी. त्यातली मूठभर वाळू कमी झाली होती. दुकानातून परतताना हिराबाईंनी ती बुरुजावर ठेवली होती.

“पूजेला काय म्हनली हुतीस?” आबांनी हळूच विचारलं.

“कुनावर सुटू नगंस म्हनले.”

आबांनी मांडीवरची वस्तू उलटीपालटी केली. “पयल्या दिवशी एक गोळी घातली हुती मी. रातभर वाटत ऱ्हायलं, कपाटातनं कुनीतरी बगतंय. सकाळी काढली, ती पुन्ना घातली न्हाई. तू देवाला मागितलंस, मी डब्यात भरून ठिवलं. आपलं मागनं येकच हुतं की.”

“मंग बोलायचं न्हाई?”

“तू बोललीस?”

सहाला पाच मिनिटं कमी असताना उत्तरेश्वरांनी वस्तू उघडली, आत डोकावले, हुंगले, आणि न विचारता पावती फाडली. हिराबाईंना त्या रात्री अशी झोप लागली की सकाळचं दूध उतू गेलं.

निकाल लागले. ठाण्यातून फोन आला: बाबा, वस्तू घेऊन जा. आबा म्हणाले, महापालिकेची निवडणूक लागेलच, राहू द्या. उत्तरेश्वर म्हणाले, ती कधी लागेल ते मतदारांनासुद्धा माहीत नाही, ठाण्याचं कपाट काय तुमचं माहेर आहे? तेव्हा आबांनी वस्तू ठाण्यातून उचलली आणि घरी न येता थेट नारायण पेठेत नेली. परवानाधारकाला हत्यार दुकानदाराकडे सांभाळायला ठेवता येतं, हे त्यांना तिथेच कळलं. संपतरावांनी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, “तुजी तू राखतोस. माजी राखाया मी पेठेत मानूस ठिवलाय.” संपतरावांच्या ओठाचा कोपरा वर गेला नाही.

पुढच्या खंडेनवमीला हिराबाईंनी पाटावर कोयता, खुरपं, विळी, लॅपटॉप मांडला. मधल्या लाल फडक्यावर बया सांभाळायला ठेवल्याची अनंतरावांची पावती ठेवली. पंचामृताची वाटी हातात घेतली आणि चष्मा लावून पहिल्यांदाच पावतीचा खालचा बारीक मजकूर वाचला. अनंतरावांनी तो शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात मुद्दाम लिहिला होता: ‘ही पावती कोरडी ठेवावी. भिजून अक्षर गेल्यास हत्यार परत मिळणार नाही.’

त्यांनी वाचलेलं आबांनीही खांद्यावरून वाचलं.

हिराबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

आबांनी झेंडूचा हार उचलला. “मी खाली ट्रॅक्टरला हार घालून येतो,” ते चपला शोधत म्हणाले. दारापर्यंत गेले आणि मागे न वळता म्हणाले, “तुजी पूजा चालू दे. येळ लागला तरी लागू दे. नीट कर.”

दार लागलं. हिराबाईंनी वाटीत आणखी एक चमचा मध घातला.